मागची जागा

दोघांची कायाक विकून टाक, म्हणाली सोल्वेग,
एकटीपुरती छोटी घे,
नाहीतर सरळ टपालाच्या बोटीने हिंड, आई, एकाहत्तरची आहेस.
मी हो म्हटलं, आणि जूनच्या पहिल्या मंगळवारी
नागूच्या धक्क्यावरून ती पिवळी लांबडी पाण्यात लोटली.

मी कायम पुढे बसत आले.
पुढच्याने ताल धरायचा, मागच्याने दिशा,
असं आपलं ठरलं होतं, म्हणजे तू ठरवलं होतंस, आल्गोत.
सुकाणूची पावडी तुझ्या पायांच्या मापाची.
तीन खाचा अलीकडे ओढावी लागली,
गंजलेली खीळ निघेना,
तिसऱ्या खाचेला बोट कापलं.

पुढची जागा मोकळी ठेवून चालत नाही.
नाक वर उचललं जातं, मग वारा नेईल तिकडे.
म्हणून तिथे पाण्याचे दोन कॅन,
तंबू, राईचा पाव,
आणि गोणीभर बटाटे, तळघरातले, कोंब फुटू लागलेले.
मेमध्ये तू लावलेस. सप्टेंबरात मी एकटीने काढले.

कोर्पोच्या दुकानदाराने विचारलं, एकटीच?
नाही, म्हटलं, बटाटे आहेत.

इथून तुला माझी पाठ दिसायची.
हे मला पहिल्या तासाभरातच कळलं,
ती काळी रबरी कड आणि तिच्यात कोणी नाही असं बघत असताना.
लाल टोपी, उन्हाने रापलेली मान,
डावा खांदा जरा खाली, तू म्हणायचास तसा.
एकोणीस उन्हाळे तू बघत होतास.
आणि मी काय पाहिलं तुझं?
काही नाही. समोर समुद्र होता.
“वल्हवतोयस ना?” मान न वळवता मी विचारायचे.
“हो तर!” मागून उत्तर यायचं,
आणि पाणी कापल्याचा आवाज, दोनदा, तीनदा.

तिसऱ्या दिवशी योर्डिसच्या बेटावर उतरले.
शहाऐंशीची, दहा मेंढ्या, खिडकीत दुर्बीण.
तिला पाटीभर बटाटे दिले. ती कॉफी ओतता ओतता म्हणाली,
“तुम्ही दोघं दरवर्षी दिसायचात मला. गंमत वाटायची.
तो तर वल्हं मांडीवर ठेवून बसायचा, अगं, नुसता.
तू वळतेस असं वाटलं की दोन हात मारायचा.”

एकोणीस उन्हाळे!
म्हणजे ती जास्तीची ऐंशी किलो मी ओढत होते,
आणि संध्याकाळी “दमलो बुवा” म्हणून
तंबूत आधी आडवा कोण व्हायचा?
आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा माणूस!
पुढच्या बेटापर्यंत मी भांडले.
ऐकायला कोणी नव्हतं, बटाट्यांना ऐकवलं.
एक बदकीण पिल्लांना घेऊन बाजूला झाली.
हात इतक्या रागाने चालत होते
की दोन तासांचं अंतर सव्वा तासात पडलं,
आणि खडकावर उतरताना लक्षात आलं,
एकटीने ओढणं मला नवं नाहीच.

त्या रात्री पाच बटाटे उकडले, सालासकट, मीठ लावून.
मग दोन. एकूण सात.
असंच चाललं तर उतोला पोचेपर्यंत नाक हलकं होईल,
मग किनाऱ्यावरचे दगड भरावे लागतील.

अकरा वाजता सूर्य बुडाल्यासारखं करतो इथे,
खरा अंधार काही होत नाही.
झोप येईना. पुन्हा कायाक लोटली.
वारा पडलेला. दोन खडकांच्या मधलं पाणी
दुधावर साय धरावी तसं.
चार हात मारले
आणि वल्हं मांडीवर घेतलं.
बसले. नुसती.
समोर माझी जागा.
होडी बराच वेळ आपली आपण जात राहिली.